बाई, प्रश्न विचारायला शिकवलंत

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, म्हणून चारचौघांत लिहिते आहे. इथे तुम्हाला मला अडवता येणार नाही.

आम्ही मराठी माध्यमाच्या बायका. आमचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. २००० साली ते पहिलीपासून आलं, तोवर आमची शाळा संपली होती. तुमच्या ओसरीवर यायच्या आधी आमचा प्रश्न म्हणजे साधं वाक्य आणि शेवटी चढवलेला आवाज. "यू वॉन्ट टॅक्सी?" लॉजवरच्या पाहुण्यांना ते कळायचंही. "कळतंय ना, मग अर्धं काम झालंय," म्हणालात तुम्ही.

उरलेलं अर्धं तुम्ही काळांचे तक्ते न काढता शिकवलंत. वाक्यात इज, आर, कॅन असेल तर ते उचलून कर्त्याच्या आधी ठेवायचं. 'द रूम इज रेडी'चं 'इज द रूम रेडी?' झालं. तसं काही नसेल तर डूला बोलवायचं. आमचं घोडं अडलं ते डजपाशी. सगळ्याजणी 'डज शी वर्क्स?' म्हणत होतो. तेव्हा तुम्ही म्हणालात, "घराची किल्ली एकच. सासूच्या कमरेला असली, की सुनेच्या कमरेला नसते." 'शी वर्क्स'मध्ये एस क्रियापदाकडे, डज आला, की किल्ली त्याच्याकडे आणि क्रियापद मोकळं: 'डज शी वर्क?' डिडचंही तेच, म्हणून 'डिड यू गो?', वेंट नाही.

'हू कॉल्ड यू?'ला मात्र डिड लागत नाही आणि 'हू डिड यू कॉल?'ला लागतो. फोन कोणी केला हे विचारताना हू स्वतःच कर्ता असतो, म्हणून. कारण पटलं, तरी हा इंग्रजीचा आगाऊपणाच वाटतो मला.

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. हे माहीत नसलेले पाहुणे शंभर किलोमीटर जाऊन बंद दार बघून यायचे. आता खोलीची चावी देतानाच विचारते, "व्हेन डू यू वॉन्ट टू सी अजंठा?" उत्तर 'मंडे' आलं, की त्यांना आधी वेरूळला धाडते.

'कॅन यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?' यात इज परत शेवटी का गेलं, ते विचारायला रविवारी येते आहे. भजी मी आणते, चहा तुमचा.

तुमची,
लॉजवाली विद्यार्थिनी