समाजशास्त्र सोडू नकोस

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. बाळ हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. पुढील वर्षी समाजशास्त्र सोडून केवळ गुन्हेगारीशास्त्र घ्यावे, असा तुझा विचार दिसतो, कारण एकात प्रत्यक्ष गुन्हे आहेत आणि दुसऱ्यात नुसत्या कल्पना, असे तुला वाटते. निर्णय तुझाच राहील. पण न्यायालयात तीस वर्षे लिपिक म्हणून दोषारोपपत्रे हाताळलेल्या तुझ्या बाबांचे म्हणणे आधी ऐकून घे.

गुन्हा कोणता हे कायदा सांगतो. गुन्हेगार कोण, हे मात्र पुष्कळदा समाजाने आधीच ठरवलेले असते. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये केलेल्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्यांची नोंदणी झाली, हिंडण्याफिरण्यावर बंधने आली. आपल्या संस्थानातही काही जातींच्या माणसांना, स्वतः काहीही केलेले नसताना, रोज हजेरी द्यावी लागत असे. ती हजेरी राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये बंद केली आणि पारध्यांना काम व निवारा दिला. तो ब्रिटिश कायदा रद्द होण्यास मात्र ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला, आणि पारधी म्हटले की लोकांची नजर बदलते, ती आजही. ही नजर कोठून येते, हे दंडसंहितेच्या कोणत्या कलमात सापडेल? तेथे समाजशास्त्रच लागते.

आकड्यांचेही तसेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग एका प्राथमिक माहिती अहवालात अनेक गुन्हे असले तरी त्यांतील सर्वांत गंभीर तेवढाच मोजतो, आणि जे पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचलेच नाही, ते तर मोजलेच जात नाही. त्यामुळे आकडा वाढला म्हणजे गुन्हे वाढले, की तक्रार करण्याचे धैर्य वाढले, हे विचारल्यावाचून तू कोणताही तक्ता पुढे उतरवून घेऊ नयेस.

तुझ्या आजीची ठेव एका पतसंस्थेत अडकली, ते तुला आठवत असेल. तिच्या संचालकांना गल्लीतील लोक पुढेही लग्नकार्यात मानाने बसवत राहिले. आणि सायकल चोरताना एकदाच सापडलेला शेजारचा मुलगा मात्र चाळिशीतही 'चोर' म्हणूनच ओळखला जातो. मला ते फार लागले होते, बाळ. प्रतिष्ठितांच्या अशा गुन्ह्यांकडे अभ्यासकांचे लक्ष एडविन सदरलँड यांनी १९३९ मधील भाषणात वेधले, आणि ते मूळचे समाजशास्त्राचेच प्राध्यापक होते.

म्हणून दोन्ही विषय ठेव. दिवाळीत आलीस की आपण येथील पुरालेखागारात जाऊ आणि हजेरीसंबंधीचे जुने कागद पाहायला मिळतील का, ते विचारू. मोडी मला थोडीफार वाचता येते.

तुझे,
बाबा