डोकं नाही, घड्याळ

प्रिय अव्या,

चार महिने फोन नाही, पत्र नाही. चूक सर्वस्वी माझी. पाठ बरी आहे, तो विषय संपला. पण परवा पहाटे ४:१० ला आलेला तुझा मेसेज मनातून जात नाही: "एकच परिच्छेद सहादा वाचला, बहुतेक डोकंच गेलं माझं."

अरे, डोकं शाबूत आहे. तू उठतोस १० ला, म्हणजे तेव्हा तुला जागून १८ तास झाले होते. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखे मंदावतात, हे १९९७ मध्येच मोजून झालंय. मधेच अर्धा-एक सेकंद लक्ष कोरं होतं. डोळे पुढच्या ओळीवर जातात, अर्थ मागच्याच ओळीत राहतो. दिवसभर साचलेल्या झोपेला शरीराचं घड्याळ संध्याकाळपर्यंत थोपवून धरतं, रात्री उशिरा तेही हात काढून घेतं.

आणि परीक्षा सकाळी १० ला! शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याआधी साधारण दोन तास सर्वांत खाली असतं. तुझ्या बाबतीत ते सकाळी ८ च्या सुमारास. म्हणजे तो पेपर तुझ्या मेंदूला पहाटेचाच वाटणार.

आपलं जुनं भांडण आठवतं? "माझं डोकं रात्रीच चालतं," तू म्हणायचास आणि मी तुला आळशी ठरवायचो. ते मागे घेतो. घुबडपणा बराचसा जन्मजात असतो. पण घड्याळ सरकवता येतं, आणि तुझ्याकडे तीन आठवडे आहेत.

मात्र लगेच उद्यापासून ६ चा गजर लावू नकोस, ही तुझी नेहमीची घाई. तापमान तळाला जायच्या आधी डोळ्यांवर उजेड पडला तर घड्याळ आणखी मागे जातं, म्हणजे झोप आणखी उशिरा; नंतर पडला तर पुढे येतं, म्हणजे झोप लवकर. म्हणून रोज अर्धा तास अलीकडे: साडेनऊ, नऊ, साडेआठ... आठ दिवसांत ६. उठल्या उठल्या अर्धा तास बाहेर. ढगाळ आभाळाखालीसुद्धा हजारो लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, खोलीत जेमतेम काहीशे. झोपण्याआधी दोन तास दिवे मंद. कॉफीतलं निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनीही अंगात असतं, तेव्हा शेवटचा कप झोपेच्या आठ तास आधी. दुपारी ३ च्या आत २० मिनिटं डुलकी चालेल. अर्ध्या तासावर गेलास तर गाढ झोपेतून उठशील आणि तासभर डोकं जड. रविवारीही तोच गजर, रविवारीच सगळं बिघडतं.

रोज १० ला दहा गणितं सोडव, लागलेली मिनिटं आणि चुका वहीत लिही. पहिले चार दिवस आकडे वाईटच येतील, घाबरू नकोस.

छोटी चालायला लागली म्हणे, मंदाकडून कळलं. फोटो पाठव. नव्या घराचं काय झालं?

उद्याचा गजर साडेनऊचा. लावलास की कळव, रात्री कितीही वाजता.

तुझा,
सुहास