न सापडणे म्हणजे अपयश नव्हे

मा. संपादक,

स.न.वि.वि.

कृष्णद्रव्याच्या, म्हणजे प्रकाश न देणाऱ्या आणि केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या अदृश्य द्रव्याच्या, कणांचा शोध घेणारे प्रयोग 'अपयशी' ठरल्याचे आपल्या दैनिकात वाचले. तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवलेल्या मला तो शब्द फार खटकला, म्हणून हे पत्र.

अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात, एका बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीत सुमारे दीड किलोमीटर खोलीवर 'लक्स-झेपलिन' हा प्रयोग चालतो. वैश्विक किरणांचा मारा वरच्या खडकाने अडावा, म्हणून एवढी खोली. तेथील टाकीत उणे शंभर अंशांच्या आसपास थंड केलेले सात टन द्रवरूप झेनॉन टकरीची वाट पाहत असते. एखादा कण झेनॉनच्या अणूवर आदळला, की आधी एक क्षीण चमक उमटते. सुटे झालेले इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्राच्या ओढीने वर सरकतात आणि द्रवावरच्या वायूत शिरताच दुसरी चमक देतात. दोन चमकांमधील वेळेवरून टक्कर किती खोलवर झाली ते कळते, आणि त्यांच्या तेजाच्या प्रमाणावरून धडक अणुकेंद्राला बसली की इलेक्ट्रॉनला, हे ओळखता येते.

ऑगस्ट २०२४ मध्ये या गटाने २८० दिवसांच्या नोंदी मांडल्या. प्रोटॉनच्या सुमारे नऊपटीहून जड अशा 'विम्प' कणांचा (कृष्णद्रव्य ज्यांचे बनले असावे असे मानले जाते, त्या कल्पित कणांचा) त्यांत मागमूस नव्हता. याचा अर्थ, असे कण असलेच तर सामान्य द्रव्याशी त्यांची आंतरक्रिया आजवर समजत होतो त्याहूनही दुबळी असली पाहिजे. ज्या सिद्धांतांनी अधिक टकरींचे भाकीत केले होते, त्यांना आता जागा उरलेली नाही. दीर्घिकांच्या कडेचे तारे दिसणाऱ्या द्रव्याच्या हिशेबात न बसणाऱ्या वेगाने फिरतात, हे कोडे मात्र तसेच आहे, आणि म्हणूनच शोध थांबवून चालत नाही. इटलीतील 'डामा' प्रयोगाने सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांतील टकरींच्या संख्येत वर्षभरात ठरावीक तालाने होणारा चढउतार पाहिल्याचा आणि तो कृष्णद्रव्याचीच खूण असल्याचा दावा अनेक वर्षे केला. स्पेन व दक्षिण कोरियातील गटांनी त्याच प्रकारचे स्फटिक वापरून पाहिले, तेव्हा त्यांना तो आढळला नाही. ही पडताळणीही 'न सापडण्या'तूनच झाली.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लक्स-झेपलिन ज्या गुहेत आहे, तेथेच रेमंड डेव्हिस यांनी ड्रायक्लीनिंगच्या रसायनाने भरलेल्या प्रचंड टाकीत सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो (द्रव्याशी क्वचितच टक्कर होणारे अतिसूक्ष्म कण) मोजले होते. अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश न्यूट्रिनो वर्षानुवर्षे सापडत राहिले आणि अनेकांनी प्रयोगातच खोट काढली. खोट प्रयोगात नव्हती; न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलत होते आणि टाकीला त्यांतला एकच प्रकार टिपता येत होता. डेव्हिस यांना २००२ साली नोबेल मिळाले.

यापुढे अशा प्रयोगांची बातमी देताना कोणत्या वस्तुमानाचे कण कुठवर तपासले गेले, एवढी एक ओळ तरी तीत असावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक