लॅमिंग्टन रोडवरच्या खोडरबरवाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मागच्या शनिवारी दुपारी चादरीत बांधलेला सीपीयू घेऊन भांडुपहून आलेली बाई आणि शाळेच्या गणवेशातला तिचा मुलगा, एवढं सांगितलं तर आठवेल.

माझ्या नवऱ्याच्या ऑफिसनं काढून टाकलेला तो कॉम्प्युटर. चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम. त्यावर गेम चालावेत म्हणून मुलानं दोन वर्षं वाढदिवसाचे, दिवाळीचे पैसे साठवले होते. माझ्या भिशीतले घालून ₹१२,००० जमले. आमच्याकडच्या एका दुकानात रॅम वाढवायला दिला, तर परत येताना तो बंदच पडलेला. नुसता बीप बीप, स्क्रीन काळी. ‘मदरबोर्ड गेला, नवीन घ्या,’ म्हणाले, आणि वर तपासणीचे ₹५०० घेतले. तुमच्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात बजेट सांगितलं, तर तो माणूस मुलाच्या तोंडावर हसला. ते हसणं मी अजून विसरलेले नाही.

तुम्ही हसला नाहीत. डबा उघडलात, रॅमची पट्टी काढून उजेडात धरलीत आणि मुलाला विचारलंत, ‘दप्तरात खोडरबर आहे का रे?’

त्यानं कंपासपेटी काढली. पट्टीच्या सोनेरी दातांवरचा काळपटपणा तुम्ही त्याला दाखवलात आणि पट्टी त्याच्याच हातात दिलीत. ‘हलक्या हातानं घास. घाई नाही.’ मागे तीन गिऱ्हाईकं खोळंबली होती, एक तर कुरकुरत होता. तरी तुम्ही त्याच्या हातातून पट्टी काढून घेतली नाहीत. त्यानं घासली, तुम्ही ब्रशनं कचरा झाडलात, दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत त्यालाच बसवायला लावलंत. बटण दाबलं आणि स्क्रीन उजळली. त्या क्षणी माझ्या पोराचा चेहरा काका, मी काय सांगू! पैसे विचारले तर म्हणालात, ‘रबर त्याचा, मेहनत त्याची. माझं काय?’

मुलाला गेमची चित्रं नीट चालवणारं मोठं ग्राफिक कार्ड हवं होतं, आणि ते तुमच्या मागच्या फळीवर होतंही. तुम्ही पॉवर सप्लायवरचं लेबल वाचलंत. २९० वॅट, आणि कार्डाला लागणारी वेगळी वायरच नाही. मग मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर चालणारं, जीटीएक्स १६५० नावाचं वापरलेलं कार्ड काढलंत, आमच्यासमोर अर्धा तास गेम लावून दाखवलात. त्याहून मोठं घेतलं तरी हा जुना प्रोसेसर त्याला पुरा पडणार नाही, हेही सांगितलंत. सोबत २४० जीबीची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, दिलीत. जुनी हार्ड डिस्क फेकली नाहीत, फोटोंसाठी आतच जोडून ठेवलीत.

मला यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल ते मी मुकाट्यानं घेतलं असतं, आणि हे तुम्हालाही दिसत होतं. म्हणूनच मला राहवत नाही. समोरच्याला कळत नाही म्हणून त्याला जास्तच जपणारी माणसं या शहरात आहेत, दुकान मांडून बसलेली आहेत.

आता मुलगा रोज अभ्यास उरकून तासभर खेळतो. तो रबर मात्र वापरत नाही, कंपासपेटीत वेगळा ठेवलाय.

या कॉम्प्युटरला लागणाऱ्या डीडीआर३ प्रकारच्या रॅमची खात्रीची पट्टी तेव्हा तुमच्याकडे नव्हती, म्हणून पुढच्या शनिवारी बोलावलं आहेत. येतोय आम्ही. नाव तेव्हा आधी विचारेन.

तुमची,
भांडुपची ताई