तक्रार: जावयाच्या घराण्याची चुकीची वंशावळ

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
(आपली वंशावळ-शोध कंपनी)

विषय: वेल्समधील जोन्स कुटुंबाच्या सदोष वंशावळीबद्दल रक्कम परत मिळणे अथवा काम नव्याने करून मिळणेबाबत.

महोदय,

माझे जावई वेल्समधील कार्डिफचे. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला त्याच्या बापाकडची वंशावळ भेट द्यावी म्हणून मी आपल्या पुणे कार्यालयात ३८,५०० रुपये भरले. आपल्या माहितीपत्रकात 'प्रत्येक पिढीला किमान दोन पुरावे' असे आश्वासन आहे. तक्ता फ्रेम करून आला, दिवाणखान्यात लागला, आणि जावयांनी तो वाचून दोन मिनिटांत हसायला सुरुवात केली. मी तहसील कचेरीत तीस वर्षे वारस नोंदींची कामे केली आहेत. मला हसू आले नाही.

जावयांच्या खापरपणजोबांच्या वडिलांपासून घोळ सुरू होतो. आपणच जोडलेल्या १८५१ च्या जनगणनेच्या प्रतीत हे गृहस्थ मर्थर टिडव्हिलला लोखंडाच्या कारखान्यात कामाला आहेत. वय ३३, जन्म कार्डिगनशायरमधील लॅनव्हिहँगेल अस्त्राद. म्हणजे जन्म १८१७-१८ चा. तक्त्यात मात्र १८२१ लिहिले आहे, कारण १८४१ च्या जनगणनेत वय २० दिसले. त्या वर्षी पंधरा वर्षांवरच्या माणसांची वये खालच्या पाचाच्या पटीत उतरवण्याची सूचना होती. तेवीस वर्षांचा माणूस कागदावर वीसचा झाला, इतकेच. शिवाय त्या जनगणनेत जन्म त्याच परगण्यात झाला की नाही एवढेच विचारले होते, गाव नव्हतेच. गाव आले १८५१ ला. मग आधार कोणत्या कागदाला द्यायचा?

पुढे १८२१ चा बाप्तिस्मा आपल्याला सापडला तो लॅनव्हिहँगेल-अर-आर्थ इथल्या चर्चच्या वहीत, आणि ते कारमार्थेनशायरमध्ये. लॅनव्हिहँगेल म्हणजे संत मायकलचे चर्च. अशा नावाची गावे वेल्समध्ये जागोजाग आहेत. पिंपळगाव बसवंतच्या माणसाचा वारस पिंपळगाव जोग्याच्या दप्तरात शोधावा, तसे हे झाले.

याहून गंभीर म्हणजे विवाहाचा दाखला. १८३७ पासून तिथल्या दाखल्यात वधू-वरांच्या वडिलांचे नाव आणि धंदा लिहितात. आपणच पाठवलेल्या १८४६ च्या दाखल्यात वराचे वडील इव्हान, धंदा विणकर. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाप थॉमस, जमीनदार. दोन्ही कागद एकाच पाकिटात होते. ते समोरासमोर ठेवून कोणी पाहिलेच नाहीत का?

दूरध्वनीवर आपल्या प्रतिनिधी म्हणाल्या, "सर, जोन्स म्हणजे जोन्सच ना." नाही, ताई. वेल्समध्ये पूर्वी आपल्यासारखेच बापाचे नाव पुढे लावत. जॉनचा मुलगा तो जोन्स, इव्हानचा तो इव्हान्स, आणि पुढच्या पिढीला ते पुन्हा बदले. कार्डिगनशायरसारख्या ग्रामीण भागात ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकून होती. त्यामुळे विणकर इव्हानचे वडील नुसते जॉन असू शकतात, त्यांचे आडनाव भलतेच काही. आपण मात्र १६५० पर्यंत सलग जोन्स लावत गेलात. गावोगावी पाटील आहेत म्हणून साऱ्या पाटलांचा वाडा एक होत नाही.

बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या वहीत नसेलही. त्या भागात चॅपलला, म्हणजे अधिकृत चर्चपासून वेगळ्या पंथांच्या प्रार्थनागृहाला, जाणारी कुटुंबे पुष्कळ होती आणि चॅपलच्या अनेक जुन्या वह्या १८३७ नंतर सरकारजमा होऊन आज लंडनमधील क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्या पाहिल्याचा अहवालात उल्लेख नाही. १८५८ पूर्वीची वेल्समधील मृत्युपत्रे ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. तीही पाहिलेली दिसत नाहीत.

'जोन्स घराण्याचे कुलचिन्ह' म्हणून ढालीचे चित्र ४,००० रुपये जादा घेऊन पाठवलेत. कुलचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते, आडनावाला नव्हे. ते परत घेऊन जावे. भिंतीवरून काढून ठेवले आहे.

एका गोष्टीचे मात्र वाईट वाटले. १८९१ ला वेल्समध्ये जनगणनेत पहिल्यांदा भाषेचा रकाना आला. आपण दिलेल्या प्रतीत खापरपणजोबांच्या ऱ्होंडा खोऱ्यातल्या घरातली आठही माणसे 'फक्त वेल्श' बोलणारी आहेत. जावयांना वेल्शची दहा वाक्ये जेमतेम येतात. तो कागद हातात धरून ते बराच वेळ गप्प होते. आपल्या तक्त्यात त्याला एक ओळही नाही; नकली जमीनदाराला मात्र अर्धे पान.

तरी पंधरा दिवसांत संपूर्ण ४२,५०० रुपये परत करावेत, अथवा जाणकाराकडून काम नव्याने करून द्यावे. नव्या तक्त्यात जिथे पुरावा संपतो तिथे रेघही संपावी, आणि १८९१ ची ती नोंद खापरपणजोबांच्या नावाखाली यावी. उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत: पावती, तक्त्याचे छायाचित्र, तिन्ही जनगणनांच्या, बाप्तिस्म्याच्या व विवाह दाखल्याच्या प्रती.

आपला ग्राहक
(नाव व पावती क्रमांक लिफाफ्यावर)
पुणे