शोषखड्ड्याआधी माती तपासा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की ठाणे आणि नवी मुंबईतील गृहनिर्माण संस्थांमध्ये शोषखड्ड्यांची लगबग सुरू होते. पावसाचे पाणी जमिनीत मुरवले पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु ते ज्या मातीत मुरवायचे ती माती सहसा कोणी तपासत नाही, आणि त्या पाण्यासोबत खाली काय जाते याची चौकशी तर त्याहून क्वचित होते. मृदाशास्त्र शिकवण्यात हयात घालवल्यामुळे ही बाब मला गंभीर वाटते.

पारसिकच्या डोंगरउतारावर बेसॉल्टवर मुरमाचा थर आहे. तेथे पाणी चटकन उतरते आणि खडकाच्या भेगांतून दूरवर जाऊ शकते. वाशी किंवा ऐरोलीच्या खाडीकडच्या पट्ट्यात मात्र भरावाखाली खाडीची चिकणमाती आहे. तिच्यातून पाणी अतिशय सावकाश झिरपते आणि पावसाळ्यात भूजल इतके वर येते की खड्डा खालूनच भरू लागतो. अशा दोन्ही ठिकाणी एकाच आराखड्याचा खड्डा खणणे मला पटत नाही.

मातीत पाणी किती वेगाने मुरते हे मोजणे अवघड नाही. हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने वाळूच्या थरातून वाहणाऱ्या पाण्याचा नियम १८५६ मध्येच मांडून ठेवला आहे. जागेवरील चाचणीसाठी लोखंडाची दोन वलये, साधारण ३० आणि ६० सेंटीमीटर व्यासाची, एकात एक ठेवून जमिनीत थोडी ठोकतात, दोन्हींत पाणी भरतात आणि आतल्या वलयातील पातळी किती उतरली ते पट्टीवर ठरावीक वेळाने टिपतात. बाहेरच्या वलयातील पाण्यामुळे आतले पाणी आडवे न पसरता मुख्यतः सरळ खाली जाते. कोरडी माती सुरुवातीला पाणी अधाशासारखे पिते, मग वेग घटत जाऊन एका आकड्यावर स्थिरावतो, आणि खड्ड्याचे आकारमान त्या स्थिर आकड्यावरून ठरवायला हवे. खड्ड्याच्या तळाच्या खोलीवरही अशीच चाचणी घ्यावी, कारण वरची माती आणि खालची माती अनेकदा सारखी नसते.

याहून मोठी काळजी पाण्यात विरघळलेल्या पदार्थांची आहे. वरच्या दोन-तीन फुटांतील माती, तिच्यातील सेंद्रिय अंश आणि जिवाणू मिळून बरीच घाण अडवतात. शोषखड्डा नेमका हाच थर ओलांडून पाणी खाली सोडतो. त्यातही प्रत्येक रसायनाची चाल वेगळी असते. शिसे मातीच्या कणांना चिकटून बहुधा वरच राहते. बागेत टाकलेल्या युरियापासून तयार होणारे नायट्रेट मात्र ऋणभारित असते. चिकणमातीचे कणही ऋणभारितच असल्याने नायट्रेट त्या कणांना धरून राहत नाही आणि पाण्याबरोबर सरळ खाली जाते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. क्रोमियम या धातूचे तर दोन अवतार आहेत: त्रिसंयोजी क्रोमियम मातीत अडकते, तर अधिक विषारी असे षट्संयोजी क्रोमियम बऱ्याच मातींतून पाण्यासोबत प्रवास करते. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यालगतच्या वसाहतींनी हा फरक विशेष ध्यानात ठेवला पाहिजे. आमच्या परिसरातील एका सोसायटीत वाहनतळावरचे तेलकट पाणी थेट शोषखड्ड्यात वळवलेले मी पाहिले आहे, आणि त्याच आवारात कूपनलिका आहे.

म्हणून दोन्ही महापालिकांना विनंती आहे की, जलपुनर्भरणाला मंजुरी देताना झिरपण्याच्या चाचणीचा अहवाल सक्तीचा करावा, खड्ड्यात केवळ छतावरचे आणि गाळलेले पाणी सोडू द्यावे, आणि खाडीकाठी जेथे भूजल उथळ आहे तेथे खड्ड्याऐवजी साठवण टाकीचा आग्रह धरावा. आसपासच्या कूपनलिकांतील नायट्रेट व खारेपणा पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून आकडे प्रभाग कार्यालयात लावावेत. मोजणीचे काम स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येईल. त्यासाठी लागणारी वलये कोणताही लोहार बनवून देईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, ऐरोली, नवी मुंबई