दोन मिनिटांचा भाग आणि नऊ सीझन

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

‘तेक्यू’ या जपानी विनोदी अॅनिमेचे, म्हणजे कार्टून मालिकेचे, नऊ सीझन एका ओळीत दिसले आणि तू धसका घेतलास. अरे, आकड्यावर जाऊ नकोस. एका सीझनमध्ये 12 भाग आणि एक भाग 2 मिनिटांचा. म्हणजे नेहमीच्या अॅनिमेचा एक भाग बघून होतो तेवढ्यात इथे अख्खा सीझन आटोपतो. सगळे 108 भाग धरले तरी 3 तास 36 मिनिटं, आणि दर भागातलं सुरुवातीचं साधारण अर्ध्या मिनिटाचं गाणं वगळलंस तर पावणेतीन तासही भरत नाहीत. पण गाणं सीझनमधून एकदा तरी पूर्ण ऐक. ते दर सीझनला बदलतं आणि मालिकेइतकंच सुसाट पळतं.

थेट नवव्यापासून सुरुवात केली तर चालेल का, असं विचारलंस. कथेच्या दृष्टीने चालेल, कारण कथा नाहीच. पण माझं ऐकशील तर पहिल्यापासूनच बघ. ही मालिका परत येते तेव्हा ‘मागील भागात आपण पाहिलं’ वगैरे काही करत नाही. तिसरा सीझन 2013 च्या शेवटी संपला, चौथा एप्रिल 2015 मध्ये आला. मध्ये वर्षाहून जास्त खंड, स्टुडिओसुद्धा माप्पा जाऊन मिलपान्से आला, तरी पहिल्याच सेकंदाला गाडी पाचव्या गिअरमध्ये. कोण कोणाची कोण, हे सांगायला कोणी थांबत नाही. ती ओळख पहिल्या चार-पाच भागांतच करून घ्यावी लागते.

भागांचे आकडेही आधीच समजून घे, नाहीतर यादीत गोंधळ होतो. मोजणी सलग आहे. चौथा सीझन 37 पासून, पाचवा 49 पासून, सहावा 61 पासून, आणि असं करत नववा 97 पासून. एखाद्या ठिकाणी ‘सीझन 4, भाग 1’ आणि दुसरीकडे ‘भाग 37’ दिसलं तर दोन्ही एकच.

आता माणसं. कामेइदो शाळेचा मुलींचा टेनिस क्लब आहे. यूरी ओशिमोतो नवखी आणि एकटीच शहाणी. वरच्या वर्गातल्या तिघी तिच्या सेनपाई: कानाए शिंजो बिनडोक, नासुनो ताकामिया गडगंज श्रीमंत आणि पैशाशिवाय दुसरं उत्तरच न सुचणारी, मारिमो बान्दो निव्वळ चावट. चड्डीवरचे विनोद बहुतेक तिच्या वाटणीचे, तेव्हा घरच्या मोठ्या टीव्हीवर लावू नकोस. टेनिस अगदी नावाला. नावातही खोडी आहे. टेनिसला जुना जपानी शब्द ‘तेइक्यू’, अक्षरश: अंगणातला चेंडू. तो आळसटून बोलला तसा लिहिला की ‘तेक्यू’.

वेग हाच इथला खरा मामला. मान्झाई म्हणजे जपानी विनोदी जुगलबंदी, तिच्यात दोघं असतात. वेड्यासारखं बोलतो तो बोके, त्याला टपली मारून भानावर आणतो तो त्सुक्कोमी. आपल्याकडच्या बतावणीतली जोडी आठव. मान्झाईचा जीव असतो ‘मा’त, म्हणजे दोन वाक्यांमधल्या नेमक्या उसंतीत. दिग्दर्शक शिन इतागाकीने ती उसंतच कापून टाकलीय. यूरी सरावाचं काहीतरी साधं विचारते, कानाए भलतंच उत्तर देते, यूरी खेकसते, तोवर नासुनोने पैसे काढलेले असतात, आणि तू अजून पहिल्या सबटायटलच्या दुसऱ्या ओळीवर! डोळा खाली अडकतो, वरचं चित्र निसटतं. नवखा प्रेक्षक ‘यात हसण्यासारखं काय आहे’ म्हणून सोडतो तो इथेच.

म्हणून प्रत्येक भाग दोनदा बघ. पहिल्यांदा फक्त वाच, हवं तिथे थांबवून. लगेच दुसऱ्यांदा न थांबवता, सबटायटलकडे दुर्लक्ष करून चेहरे आणि मागची हालचाल बघ. थांबे सोडले तर एकूण 4 मिनिटं. वेग 0.75 वर आणायचा मोह होईल, आणू नकोस. आवाज ओढल्यासारखे होतात आणि यूरीच्या खेकसण्यातली धार जाते. ऑटोप्ले बंद ठेव. शेवटचा विनोद पडतो न पडतो तोच भाग संपतो आणि पुढचा अंगावर येतो.

एका बैठकीला चार भाग, फार तर सहा. बारा सलग बघितलेस की कान बधिर होतात आणि सातव्यापासून सगळं सारखंच वाटायला लागतं. दोष मालिकेचा नाही, डोसचा आहे.

काही गोष्टी सबटायटलमध्ये येतच नाहीत. भागांची नावं ‘सेनपाई आणि अमुक’ अशा धर्तीची, त्यातला ‘अमुक’ बहुतेक वेळा कुठल्यातरी सिनेमाच्या नावावरून उचललेला. नासुनोच्या नावातला ‘नासु’ म्हणजे वांगं. ‘मारिमो’ म्हणजे जपानच्या होक्काइदो बेटावरच्या आकान तळ्यात सापडणारे शेवाळाचे हिरवे गोळे. एवढं माहीत असलं तरी पुरे.

चौथ्या सीझनसोबतच, एप्रिल 2015 मध्ये, नासुनोची स्वतंत्र मालिकाही आली. तीही 2 मिनिटांचीच. त्यात ती यूरीच्या धाकट्या भावाची, योताची, शिकवणी घेते. 37 वर पोचलास की दोन्ही आलटून पालटून बघ. चौथा ते सातवा हे सीझन एप्रिल 2015 ते मार्च 2016 असे पाठोपाठ आले, तो पट्टा मला सगळ्यांत जमलेला वाटतो. आणि गंमत बघ, 2016 मध्ये याच इतागाकीने ‘बर्सर्क’ ही रक्तबंबाळ अॅनिमे मालिकाही दिग्दर्शित केली आणि ऑक्टोबरात ‘तेक्यू’चा आठवा सीझनही आला. आठवा आणि नववा मात्र पाठोपाठ उरकू नकोस. मूळ प्रेक्षकांनाही नववा जुलै 2017 मध्येच मिळाला होता.

आज पहिले चार बघ. जेवताना नको, थांबवायला एक हात मोकळा लागतो.

तुझा,
विन्या